चाळीस पावलांवरचा समुद्र

घाटावर, डोंगराच्या कुशीत एक गाव होतं आणि त्या गावात नारोबा नावाचा एक शिंपी होता. त्याची कात्री म्हणजे गावाचा अभिमान. दोन सदऱ्यांचं कापड द्यावं, तर नारोबा त्यातून दोन सदरे काढून वर एक टोपी काढून द्यायचा. कापून उरलेल्या चिंध्या एका मुठीत मावायच्या. लोक म्हणायचे, ‘‘काटकसर शिकावी तर नारोबाकडून.’’ हे ऐकलं की नारोबाची मान ताठ व्हायची. खोटं कशाला सांगावं, कधीकधी तर हे ऐकायला मिळावं म्हणूनच तो दुकानाबाहेर बाकावर बसायचा.

त्याच्या बायकोचं नाव भागीरथी. लग्नाला बावीस वर्षं झाली होती. इतक्या वर्षांत तिनं एकच गोष्ट मागितली होती. ‘‘अहो, मला एकदा समुद्र बघायचाय. चार दिवस काही काम करायचं नाही. नुसतं त्याच्यासमोर बसायचं.’’

‘‘जाऊ की,’’ नारोबा म्हणायचा. पण कधी लग्नसराई आडवी यायची, कधी दिवाळी.

शेवटी त्यालाच युक्ती सुचली. पितृपंधरवड्यात नवे कपडे कोण शिवून घेतो? मशीन नुसतं उभं असतं. त्या दिवसांत सहलीलाही फारसं कोणी निघत नाही, त्यामुळे कोकणातली घरगुती राहण्याची ठिकाणं रिकामी असतात. रिकाम्या खोलीचा भाव उतरतो, हे काय नारोबाला सांगायला हवं? वडिलांची तिथी तृतीयेला आटोपली आणि चतुर्थीच्या पहाटे दोघं एसटीत बसली. भागीरथीनं ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं. नारोबानं मात्र एक पत्र्याची ट्रंक बरोबर घेतली होती. तिच्यात स्टोव्ह, तवा, परात, ज्वारीचं पीठ, डाळ, तांदूळ आणि लसणाची चटणी होती. कपडे वरच्या पिशवीत, तेही दोन-दोन.

पावसाची झड लागली होती, म्हणून एसटीच्या खिडक्या वाटभर बंदच होत्या. उतरल्यावर नारोबानं दोन लॉज बघितले आणि भाव ऐकून पायरीवरूनच परतला. मग घरातली एक खोली भाड्यानं देणाऱ्या मालनमावशींचं घर सापडलं. जांभ्या दगडाचं घर, सारवलेलं अंगण, मागे माडांची बाग आणि केवड्याचं दाट बन. त्या बनापलीकडे चाळीस पावलांवर समुद्र. खोली लहान, पण आरशासारखी लख्ख.

‘‘येवा, बसा. लांबसून इलात,’’ मावशी म्हणाल्या. ‘‘ऱ्हावचा, दोन येळचा जेवण, सकाळचो चाय, सगळा धरून सांगतंय.’’ आणि त्यांनी भाव सांगितला. भाव वाजवी होता. पण नारोबानं मनातल्या मनात कात्री काढली.

‘‘जेवण वजा केलं तर?’’

मावशींनी कमी करून सांगितलं.

‘‘चहा वजा केला तर? आणि झाडलोट, पाणी भरणं, हेही आमचं आम्ही केलं तर?’’

मावशींनी आणखी कमी केलं. मग त्यांनी दारात ओलेत्यानं उभ्या असलेल्या भागीरथीकडे बघितलं. ‘‘नको तर नको. चूल मागल्या पडवेत आसा. पण ह्यां सगळा करतला कोण?’’

‘‘आमची ही आहे ना!’’ नारोबा हसत म्हणाला.

भागीरथीनं पदर खोचला आणि ट्रंक उघडली.

नारोबाला आभाळ ठेंगणं झालं. सांगितलेल्या भावाच्या निम्म्यात जागा मिळाली होती! दुसऱ्या दिवशी सकाळी तो समुद्रावर गेला. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या पायाला खारं पाणी लागलं. तो लहान पोरासारखा लाटेला भ्याला, मग हसला, मग धोतर वर धरून पळाला. घरी येतो तो गरम भाकरी तयार. जेवून झोपला. उठून परत गेला. ‘‘अगं, चल की!’’ तो जाताना म्हणायचा. ‘‘एवढं उरकलं की आलेच,’’ ती म्हणायची. पण विहिरीचं पाणी ओढायचं, भांडी घासायची, कपडे पिळायचे. पावसाळी हवेत ते वाळायचेही नाहीत, परत परत हलवावे लागायचे. तिचं उरकेपर्यंत दिवस मावळायचा आणि मावशी सांगायच्या, अंधारात केवड्याच्या बनातून जाऊ नका, साप असतात.

पुढचा दिवसही असाच गेला. तिसऱ्या सकाळी नारोबा समुद्रावरून भुकेला होऊन आला. भागीरथी परातीत पीठ मळत होती. तो तिच्याजवळ पाटावर बसला आणि हातवारे करून सांगू लागला, की आज लाटा कशा आल्या, होडी कशी वर-खाली झाली, बगळे कसे ओळीनं बसले होते. ती मन लावून ऐकत होती. मळता मळता तिनं विचारलं,

‘‘अहो, किती मोठा असतो हो तो?’’

नारोबाचा हात हवेतच राहिला. ‘‘तू... तू अजून बघितलाच नाहीस?’’

‘‘ऐकू येतो की,’’ ती म्हणाली. ‘‘भाकऱ्या थापताना सारखा ऐकू येतो.’’

तिच्या आवाजात रागाचा लवलेशही नव्हता, आणि तेच त्याला जास्त लागलं. त्याला स्वतःची लाज वाटली, अगदी कानाच्या पाळ्या तापेपर्यंत. जन्मभर त्यानं गिऱ्हाइकाच्या मापाला कधी बोटभर धक्का लावला नव्हता. आणि इथं बायकोचे चार दिवस कापून तो ‘वाचवलं, वाचवलं’ म्हणत नाचत होता.

तो उठला आणि तडक मावशींच्या दारी गेला. ‘‘मावशी, चुकलं माझं. आजपासून आमचं जेवण तुमच्याकडे. म्हणाल तो भाव देतो.’’

मावशी सुपारी कातरत होत्या. ‘‘आता माझी चूल कधीच इझली,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आणि तुमका हात आसत मां? शिवूक येता, मगे रांधूक कित्या येवचा नाय?’’

नारोबा क्षणभर गोंधळला. मग खो खो हसला. पडवीत येऊन त्यानं भागीरथीच्या हातातली परात काढून घेतली. ‘‘ऊठ. आज तू इथं दिसलीस तर बघ!’’

‘‘अहो, तुम्हाला भाकरी कुठं येते?’’

‘‘मला समुद्रात पाय घालायला तरी कुठं येत होतं? जा म्हणतो ना!’’

‘‘चल गो बाये, आपण जावया,’’ म्हणत मावशींनी तिचा हात धरला आणि केवड्याच्या बनातून तिला घेऊन गेल्या.

मग पडवीत जे घडलं ते स्टोव्हलाच ठाऊक! नारोबाची पहिली भाकरी हाताला चिकटली. दुसरी तव्यापर्यंत गेली, पण तिचे तीन तुकडे झाले. तिसरी एकसंध उतरली, मात्र तिला चार कोपरे होते. पिठल्यात गुठळ्या झाल्या आणि मीठ दोनदा पडलं. विहिरीवर पाणी ओढताना त्याचा खांदा भरून आला. दोन दिवस हे सगळं कोण करत होतं, ते त्या खांद्यानं त्याला नीट समजावून सांगितलं.

दुपार कलल्यावर भागीरथी आली. ठेवणीतलं हिरवं लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं, केसांत वाळू, आणि चेहरा असा की नारोबा बघतच राहिला. बावीस वर्षांत त्यानं तिला एवढं हसताना पाहिलं नव्हतं. ‘‘अहो, तो संपतच नाही हो!’’ ती म्हणाली आणि एकदम तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग ती चौकोनी भाकरी आणि खारट पिठलं घेऊन बसली, आणि पुन्हा पुन्हा वाढून घेत जेवली.

उरलेला वेळ त्या घरात नुसता दंगा होता. नारोबा रांधत होता, मावशी पडवीच्या दारातून चुका काढत होत्या आणि भागीरथी वाळूत बसून समुद्राकडे बघत होती. कंटाळा आला की तोंड फिरवून परत बघत होती.

गावी परतल्यावर लोक दुकानाशी जमले. ‘‘काय नारोबा, जागा स्वस्तात मिळाली म्हणे?’’

‘‘जागा स्वस्तच मिळाली,’’ नारोबा म्हणाला. ‘‘चांगलीही होती. तुम्हीही तिथंच जा. पण पहिले दोन दिवस फार महाग पडले.’’

‘‘महाग? निम्म्यात राहिलास की! कुणाला महाग पडले?’’

नारोबानं घराकडे बोट दाखवलं. ‘‘हिला.’’

तात्पर्य: काटकसर जरूर करावी, पण ती स्वतःच्या अंगावर घेऊन; जिची झळ दुसऱ्याच्या सुखाला लागते, ती काटकसर नव्हे.