दगडावर कोरलेला निळा तारा

कोणे एके काळी, डोंगरांनी वेढलेलं एक राज्य होतं. ते नेमकं कुठे होतं, हे विचारू नका. मलाही ठाऊक नाही.

त्या राज्यात एक रीत होती. सुगी संपली की एका संध्याकाळी सगळी प्रजा चावडीपुढे जमायची आणि राजाचे शास्त्रीबुवा आभाळातल्या एखाद्या ताऱ्याची माहिती सांगायचे. त्यांनी सांगितलेलं मग दगडावर कोरलं जाई. दगडावर आलेलं खरं, त्यावर पुन्हा कुणी विचारायचं नाही. शास्त्रीबुवांना ही रीत फार आवडायची. का आवडणार नाही?

त्या वर्षी पूर्वेला दोन ठळक तारे दिसत होते, एक तांबडा आणि एक निळा. शास्त्रीबुवा घसा खाकरून म्हणाले, "हा तांबडा तारा निखाऱ्यासारखा तापलेला आहे. तांबड्याहून गरम काही नाही. आणि तो निळा डोहाच्या पाण्यासारखा थंडगार."

लोकांनी माना डोलावल्या. तेवढ्यात मागून एक बाई बोलली. ती गावची लोहारीण होती. नवरा गेल्यावर भट्टी तीच चालवत होती.

"शास्त्रीबुवा, माफी करा, पर आमच्या भट्टीत उलटं असतंय. लाल म्हंजी नुसती सुरुवात. खरी आच लई पुढं असती."

शास्त्रीबुवांना राग आला. खरं सांगायचं तर राग नव्हे, भीती वाटली. आपल्याला जे माहीत नाही ते हिला माहीत असलं तर? म्हणून ते मोठ्याने हसले. "बाई, तू खुरपी कर. आभाळाचं मी बघतो."

सगळे हसले. लोहारणीने पदर सावरला आणि ती मान खाली घालून निघून गेली. दुसऱ्या दिवशी दगड कोरला गेला.

आता झालं काय, त्याच सुमाराला दरीवरच्या पुलासाठी लोखंडी साखळी घडवायची होती. राजाच्या कारभाऱ्याने दगड वाचला आणि हुकूम सोडला, की लोखंड लाल होईपर्यंतच तापवायचं. तांबड्याहून गरम काही नसेल, तर पुढे कोळसा कशाला जाळा?

लोहारीण म्हणाली, "लाल लोखंडाचा सांधा बसत न्हाई. असली साखळी मी करणार न्हाई." मग काम पलीकडच्या गावच्या लोहाराला मिळालं. तो बिचारा हुकमाचा ताबेदार.

साखळीचं काम सुरू असतानाच एक दिवस शास्त्रीबुवांच्या बैलगाडीच्या चाकाची धाव तुटली. ती लोखंडी पट्टी जोडायला जवळ भट्टी एकच होती. शास्त्रीबुवा नाक मुरडत लोहारणीच्या दारात गेले.

तिने जुनं काही काढलं नाही. धाव भट्टीत घातली आणि भाता ओढायला लागली. लोखंड लाल झालं. शास्त्रीबुवा दोन हात अंतरावर उभे होते, चांगली ऊब लागत होती. मग ते नारिंगी झालं, मग पिवळं. शास्त्रीबुवा मागे सरकले. मग ते पांढरंशुभ्र झालं, आणि शास्त्रीबुवांना तोंड फिरवून थेट दारापर्यंत जावं लागलं. लोहारणीने घण घातला. दोन टोकं एकजीव झाली.

"आणि पांढऱ्याच्या पुढे?" शास्त्रीबुवांनी हळूच विचारलं.

"पुढं लोखंडच टिकत न्हाई, त्याचं पाणी हुतं. पर आच काय लोखंडासाठी थांबती व्हय? आणिक वाढली तर निळसर दिसंल, असं मला वाटतं."

शास्त्रीबुवांना एका क्षणात सगळं उमगलं. तो निळा तारा थंड नव्हता. त्याच्यापुढे हे पांढरं लोखंडही गारच म्हणायचं. इतक्या लांबून तो एवढा झळकतो, तर मुळात केवढा असेल! आणि इतक्या जोराने जळणारी आग फार काळ पुरायचीही नाही. आयुष्यभर ते तो तारा बघत होते, आणि तो त्यांना कळला एका भट्टीच्या दारात.

त्यांचे कान तापले. ते आचेने नव्हे, लाजेने. "बाई, तुझं बरोबर होतं," एवढं म्हणायचं होतं. ते चार शब्द ओठांपर्यंत आले आणि त्यांनी गिळून टाकले. धाव बसवून घेतली आणि ते घरी गेले.

त्यांना साखळीचं माहीत होतं. ती अजून ऐरणीवर आहे, हेही माहीत होतं. रोज सकाळी ते ठरवायचे, आज राजाला सांगू. रोज चावडीवरून जाताना तो दगड दिसायचा आणि पाय जड व्हायचे. लोक काय म्हणतील? हळूहळू त्यांनी चावडीवरून जाणंच सोडलं आणि मागच्या वाटेने जाऊ लागले.

तीन महिन्यांनी पूल पडला. साखळीची कडी सांध्यावर उकलली. पुलावर मिठाची गोणी घेऊन एक हमाल चालला होता. तो वाचला, पण त्याचा एक पाय गेला.

राजाने पलीकडच्या गावच्या लोहाराला पकडून आणलं. तो म्हणाला, "महाराज, मी दगडावर लिहिलंय तसंच केलं."

राजाने शास्त्रीबुवांकडे पाहिलं. "दगड खरा की खोटा?"

"खोटा, महाराज. चूक माझी."

"तुम्हाला हे कधी कळलं?"

आत्ताच, असं म्हणता आलं असतं. सगळ्यांनी मानलंही असतं. खरं फक्त लोहारणीला ठाऊक होतं, आणि ती जमिनीकडे बघत उभी होती. पण एका निरपराध माणसाच्या दंडाला दोरी बांधलेली त्यांना दिसत होती.

"तीन महिने झाले, महाराज."

भिंतीला टेकून हमाल बसला होता. तो ओरडला नाही, की त्याने शिव्या दिल्या नाहीत. त्याने फक्त विचारलं, "तीन महिनं?"



राजाने लोहाराला सोडलं. नवी साखळी लोहारणीने घडवली, पांढऱ्या आचेवर. शास्त्रीबुवांनी स्वतःच्या हातांनी छिन्नी धरून दगडावरची ओळ खरवडली, आणि पुढे दर सुगीला ते निळ्या ताऱ्याची खरी हकिगत सांगत राहिले. लोकांनी त्यांना माफही केलं. हमाल कुबडी शेजारी ठेवून पहिल्या रांगेत बसायचा आणि मन लावून ऐकायचा. शास्त्रीबुवा सगळ्यांकडे बघून बोलत. त्याच्याकडे मात्र त्यांना मरेपर्यंत बघता आलं नाही.

तात्पर्य: चूक होणं हा गुन्हा नाही, चूक कळूनही गप्प राहणं हा गुन्हा आहे, आणि त्याची शिक्षा दुसऱ्याला भोगावी लागते.