म्हाळूनं तपासलेली जोडी

एका गावात एक भोळा भाचा होता, म्हाळू नावाचा. भाचा म्हटला की त्याला मामा असतोच, आणि सगळं सोसलं ते त्या बिचाऱ्या मामानं.

म्हाळू मनानं लाख माणूस. सांगितलेलं काम कधी टाळायचा नाही. तेच तर दुखणं होतं. आज सांगितलेलं उद्या तो भलत्याच ठिकाणी करायचा.

मामाचा मुलगा हेमंत लग्नाचे व्हिडिओ काढायचा. पंचक्रोशीतली सगळी लग्नं त्यानं काढली, पण स्वतःचं काही जमेना. तिशी उलटली. मुलगी बघायला जावं तर चहा मिळायचा, होकार मिळायचा नाही. शेवटी बोरखेडच्या तात्यांची वृषाली एकदाची हो म्हणाली. मामीनं पाण्यात ठेवलेले देव बाहेर काढले. मामा म्हणाला, "आता फक्त ह्या म्हाळूला सांभाळा. एवढं लग्न पार पडू दे."

हेमंतचा कॉम्प्युटर म्हातारा झाला होता. त्यात एक लग्न घातलं, की नवरा-नवरीला पोर व्हायची वेळ यायची, तरी व्हिडिओ तयार होत नसे. म्हणून हेमंतनं ठरवलं, आहे त्याच मशीनच्या प्रोसेसरला कंपनीनं ठरवलेल्या वेगापेक्षा जोरात पळवायचं. ह्याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. म्हाळू शेजारी बसून बघत होता.

"दादा, एकदम का नाही वाढवत?"

"एकदम वाढवला तर बंद पडतं. थोडा वेग वाढवायचा, थांबायचं, तपासायचं. नीट चाललं तरच आणखी थोडा."

"बरं," म्हाळू म्हणाला.

म्हाळूचं 'बरं' ऐकलं की घरातली माणसं हातातलं काम टाकून धावायची. पण हेमंतचं लक्ष पडद्यावर होतं.

दुसऱ्या दिवशी मामाला सुपारी फोडायला बोरखेडला जायचं होतं. म्हाळूनं स्कूटर काढली. थोडा वेग वाढवला. थांबला. उतरला. चाकं दाबून बघितली, इंजिनाला कान लावला, मामाची नाडी बघितली. "ठीक चाललंय," म्हणून पुन्हा बसला. आणखी थोडा वेग. पुन्हा उतरला. बैलगाड्या पुढं गेल्या. मेंढरं पुढं गेली. मामा पोचला तेव्हा जमलेली मंडळी वाट बघून आपापल्या घरी गेली होती. तात्या एकटे ओसरीवर तोंड वाकडं करून बसले होते.

परतताना मामा ओरडला, "गाढवा, एकदा सुरू केलं की मधे थांबायचं नाही! काही का होईना, चालूच ठेवायचं!"

"बरं."

तिकडं हेमंतनं वेग आणखी वाढवला आणि मशीन तपासणीला लावलं. म्हणजे मुद्दाम ढीगभर काम द्यायचं आणि टिकतंय का बघायचं. "लक्ष ठेव, मी जेवून येतो," म्हणाला आणि गेला.

म्हाळूनं लक्ष ठेवलं. मशीन तापलं. आतला पंखा घरघरला. पडद्यावरचा तापमानाचा आकडा लाल झाला. मशीन बिचारं आपणहून बंद पडलं. म्हाळूनं चालू केलं. ते पुन्हा बंद पडलं. म्हाळूनं पुन्हा चालू केलं. जळका वास सुटला तेव्हा हेमंत अर्ध्या जेवणावरून उष्ट्या हातानं धावत आला.

"अरे बाबा, गरम झालं की आधी बंद करायचं! मग झाकण काढायचं आणि समोर पंखा लावायचा!"

"बरं."

नशिबानं मशीन वाचलं. मग आला साखरपुडा. पंगत बसली. म्हाळू आमटी वाढत होता. मांडवात उकडत होतं, आणि वृषालीचे थोरले काका सहज बोलून गेले, "फार गरम होतंय बुवा."

झालं! म्हाळूनं बादली खाली ठेवली. आधी बंद करायचं, म्हणून काकांच्या पुढ्यातली पत्रावळ ओढून घेतली. मग झाकण. त्यानं काकांची टोपी काढली, कोटाची बटणं सोडली, सदऱ्याला हात घातला. काका "अहो, अहो" करतायत तोवर मांडवातला मोठा पंखा ओढत आणून त्यांच्या नाकासमोर लावला. भात उडाला. पत्रावळी उडाल्या. पापड थेट विहीणबाईंच्या अंबाड्यात जाऊन बसला.

काका बटणं लावत उठले. "असल्या घरात आमची पोर द्यायची?"

मामानं हात जोडले. मामीला रडू आलं. तात्या म्हणाले, "एवढी एक वेळ जाऊ द्या. पण आता पुन्हा काही झालं, तर लग्न मोडलं म्हणून समजा."

घरी आल्यावर हेमंत म्हणाला, "म्हाळू, लग्न होईपर्यंत तू माझ्याजवळून हलायचं नाही."

त्या दिवसांत त्यानं मेमरीच्या पट्ट्यांची नवी जोडी आणली. बसवली, तिचाही वेग वाढवला, आणि मशीन टूं टूं करून ओरडायला लागलं. वेग मूळचा केला तरी ओरडणं थांबेना.

"जोडीतली एक खराब असणार," हेमंत म्हणाला. "दोघी वेगळ्या कर. एकेकटी तपास. जी एकटी असतानाही ओरडेल, ती खराब. ती जिथनं आणली तिथं परत द्यायची आणि बदलून घ्यायची."

"बरं."

म्हाळूनं एकेक पट्टी लावून बघितली. ओरडणारी सापडली. तालुक्याला जाऊन दुकानदाराकडून बदलून आणली. नवी जोडी बसली आणि मशीन असं पळायला लागलं, की दिवसभर तपासणी लावली तरी हूं नाही की चूं नाही. आयुष्यात पहिल्यांदा म्हाळूचं काम बरोबर झालं होतं. हेमंतनं त्याची पाठ थोपटली. "शाब्बास रे! असंच करत जा."

"बरं," म्हाळू म्हणाला, आणि लाजला.

लग्न थाटात लागलं. म्हाळूनं कशाला हात लावला नाही. पण पाठवणीच्या वेळी जीपचा ड्रायव्हर जिलेबी जास्त होऊन आडवा झाला. गाडी येत होती ती एकट्या म्हाळूला. मामा त्याच्या कानात म्हणाला, "हेमंतनं सांगितलंय तसंच कर हो, बाळा."

जीप निघाली. वृषाली रडत होती. सासरी निघालेली मुलगी रडणारच की! पण म्हाळूनं आरशातून बघितलं आणि कान टवकारले. नवी जोडी, आणि आवाज करतेय!

आपल्या गावच्या वेशीवर हेमंत मारुतीपुढं नारळ फोडायला उतरला. त्याच्या मागून करवलीही उतरली आणि नवरी आल्याचं सांगायला घराकडं पळाली. वृषाली डोळे पुसायला मागं राहिली. म्हाळूनं बाहेर बघितलं. दादा एकटा उभा होता, रडत नव्हता. मागं बघितलं. वहिनी एकटी बसली होती, रडत होती.

सापडली! म्हाळूनं जीप वळवली.

"भावजी, कुठं चाललो आपण?"

"जिथनं आणलं तिथं."

वृषालीला आईची आठवण येतच होती. ती पदर सावरून पुढं सरकून बसली.

बोरखेडात मांडव सोडायचं काम चाललं होतं. म्हाळूनं वहिनींना तात्यांसमोर उभं केलं. "ह्या परत घ्या. दादाला वेगळा करून बघितला, तो ठीक आहे. ह्या एकट्या असल्या तरी रडतात. बदलून द्या."

तात्या मटकन खाली बसले. आईनं हंबरडा फोडला. मावशी रडायला लागली. धाकटी बहीणही रडायला लागली. म्हाळू एकेकीकडं बघत राहिला.

"अहो तात्या, तुमच्याकडं सगळ्याच अशा का?"

वृषालीला खुदकन हसू आलं. मग ते आवरेचना. पदरानं तोंड दाबत ती म्हणाली, "तात्या, उठा. मी जाते. त्या घरात मला करमेल."

म्हाळूनं कान देऊन ऐकलं. रडणं बंद. "आता चालेल," म्हणून त्यानं तिला परत जीपमध्ये बसवलं.

इकडं वेशीवर हेमंत नारळ मांडीवर घेऊन पायरीवर बसला होता. इतक्या वर्षांनी मिळालेली बायको दारापर्यंत येऊन परत गेली म्हणून ढसाढसा रडत होता. जीप दिसली, आत हसणारी वृषाली दिसली, तसा तो आनंदानं आणखीच मोठ्यानं रडायला लागला.

म्हाळूनं कपाळावर हात मारून घेतला. "वहिनी, माफ करा. खराब हा होता!"

त्यानं हेमंतला उचलून मागं टाकलं आणि जीप थेट घरापुढं उभी केली. दारात मामी आरतीचं ताट घेऊन उभी होती. उंबऱ्यावर तांदळाचं माप ठेवलेलं होतं. म्हाळूनं नवरदेवाला दंडाला धरून तिच्यापुढं उभं केलं.

"मामी, हा तुमचा परत घ्या. आणि वहिनींना चांगला बघून दुसरा द्या."