शेवंतीच्या दगडाची जागा

गुडघे माझे दुखतात आणि गोष्ट तुम्हाला हवी. जावयांनी पाहुणे आणलेत म्हणून सांगतो. एकदाच सांगेन, मध्ये फोटो काढायचे नाहीत.

लिस्बनमधल्या या झाडांच्या रुंद रस्त्यावर काळ्यापांढऱ्या दगडांच्या लाटा आहेत, बघा. सातव्या झाडाखाली तळहाताएवढी जागा मोकळी, नुसती माती. संध्याकाळी रमतगमत फिरणारी माणसं इथं थांबतात, एका पायातला बूट काढतात, टाच मातीला टेकवतात आणि पुढं जातात. का, असं विचारलं तर खांदे उडवतात. इथं येऊन राहिलेल्या आपल्या मराठी लोकांतले म्हातारे सांगायचे ते असं.

फार पूर्वी या रस्त्याला कुंपण होतं, फाटकं होती. आत बड्या लोकांनी फिरायचं. अनवाणी माणसाला मज्जाव. कामकऱ्यांना तेवढं मागच्या वाटेनं सोडत, त्यांच्या घरच्यांना नाही. त्या कामावर सावंतवाडीकडचा रवळू पाथरवट होता म्हणे, बायको शेवंतीला घेऊन गोव्याहून जहाजानं आलेला.

रवळूच्या घराण्याची रीत अशी, की कामाचा शेवटचा दगड कारागिरानं बसवायचा नाही. त्याच्या बायकोनं अनवाणी यायचं, मातीला हळदकुंकू वाहायचं, दगड ठेवायचा. तोवर काम पुरं नाही आणि तोवर तिनं पायांत काही घालायचं नाही. रवळूनं सगळ्या लाटा पुऱ्या केल्या, एवढी एक जागा ठेवली आणि शेवंतीला बोलावलं.

फाटकावरच्या पहारेकऱ्यानं तिचे पाय बघितले. "जोडे घालून ये, बाई."

"जोडे घालून दगड बसवतत काय? तुझ्या आवशीक विचार जा!"

शेवंतीनं आई काढली तरी पहारेकरी चिडला नाही, असं सांगतात. "नियम माझा नाही गं. मी नुसता उभा आहे."

रवळू मुकादमाकडं गेला. मुकादमानं साहेबाकडं बोट दाखवलं, साहेबानं आणखी वर. त्याच्यावर राजाच उरला, आणि राजापर्यंत पाथरवट कसा पोचणार? थंडीचे दिवस. शेवंती रोज गजांपलीकडं येऊन उभी राही, पाय निळे पडलेले, ओच्यात हळदकुंकवाची पुडी. रवळू आतून बघे. दगड त्याच्या मुठीत. स्वतः बसवला असता तर ती घरी गेली असती. हात वळला नाही. जोडे घाल म्हणायला जीभ उचलली नाही. ज्या हातांनी एवढा रस्ता केला, त्यांना एक गज वाकवता आला नाही.

बाराव्या दिवशी गजांपलीकडं कोणी नव्हतं. रवळू घरी पोचला तोवर तापानं ती गेली होती. त्यानं दगड तिच्या गार मुठीत दिला, तिचं सगळं केलं आणि बंदराकडं चालू लागला. पुढं त्याचं काय झालं, कुणाला ठाऊक नाही.

फाटकं गेली, राजेही गेले. त्या जागी कितीदा दगड बसवून झाला; लाटा हलत नाहीत, तेवढा एक निखळतो म्हणे. आजही येणारा-जाणारा तिथं एक पाय अनवाणी करतो. आमची ही होती तोवर दोन्ही काढायची.

गेल्या वर्षी, ती जाऊन तीन आठवडे झाले नव्हते, तर एकानं तिथं बुटासकट उभं राहून हसत फोटो काढून घेतला. जावयाला काय बोलणार? माफी अजून यायची आहे. ते काय, झाडामागं उभे आहेत, हेमंत वायंगणकर.