रुसलेले गंजिफे

एक होता राजा. तळकोकणातला. जयवंत त्याचं नाव. त्याला धाकटी बहीण, अंबू. आई लवकर गेली होती, म्हणून दोघं एकमेकांच्या सावलीत वाढली. आणि दोघांना वेड कसलं? तर गंजिफ्याचं.

गंजिफा म्हणजे पत्तेच, बरं का. पण तुमच्या झब्बूचे असतात तसे चौकोनी नव्हेत. गोल, हातात मावतील एवढे. त्यांच्यावर लाखेचे रंग, आणि रंगांत दहा अवतार. मासा, कासव, राम, कृष्ण, सगळे.

मग काय झालं, अंबूचं लग्न झालं. ती गेली घाटावर. खेळ तिकडेही होता, पण रीत निराळी. ती पहिल्यांदा माहेरी आली, तशी दोघं ओसरीवर डाव मांडून बसली. अंबूनं आधी कृष्ण टाकला. राजा म्हणाला, आपल्याकडे उतारी रामाची असते. ती म्हणाली, आमच्याकडे कृष्णाची. राजानं तिला पत्ता उचलायला लावला. तिनं उचलला, तर कृष्ण गेलेला. नुसतं कोरं पिवळं वर्तुळ. राजाला वाटलं, दमट हवेनं रंग उडाला असेल.

मग ती पुन्हा आली. यावेळी तिनं पत्ते उजवीकडून वाटले. राजानं ते गोळा केले आणि डावीकडून वाटले. मासा गेला, कासव गेलं. तरी राजा आपल्याच रीतीनं खेळत राहिला.

मग ती तिसऱ्यांदा आली. तिकडे हात रिकामा झाला, तर समोरच्याकडे एक पत्ता मागता येतो म्हणे. तिनं हसत हात पुढे केला. राजा त्या दिवशी हरत होता, बरं का. त्यानं पत्ते भिरकावले.

"सासरची रीत सासरी ठेव. माझ्या घरात माझ्याच रीतीनं खेळायचं."

अंबूनं सांडलेले पत्ते वेचले, दादाच्या पाया पडली आणि निघून गेली. राजानं पाहिलं, तर डबाभर पत्ते कोरे.

त्यानं नवे करवून घेतले. त्याच्या हातात आले की तेही कोरे. मग पत्ते रंगवणाऱ्या शेवंता चितारणीला बोलावलं. तिनं चिंचोक्याची खळ, लाख, रंग, सगळं तपासलं. मग विचारलं, "महाराज, शेवटचा डाव कुणाशी मोडलात?"

राजाला अंबू आठवली. उद्या जाऊ, पुढच्या महिन्यात जाऊ, असं म्हणत त्यानं आणखी कितीतरी पावसाळे घालवले. ती धाकटी, तिनं यावं, असंही वाटायचं त्याला.

शेवटी निघाला. घाट चढून बहिणीच्या दारात उभा राहिला. अंबू अंगणात बसली होती. पायरव ऐकून तिनं मान वळवली, पण नजर भलतीकडेच राहिली. तिचे डोळे गेले होते, बाळांनो. चार वर्षं झाली होती त्याला.

"दादा ना?" ती म्हणाली. "केस पिकले का रे तुझे?"

राजा तिच्याजवळ मातीतच बसला. मग तिनंच विचारलं, पत्ते आणलेस का. तो म्हणाला, आणलेत, पण कोरे आहेत.

"मला दोन्ही सारखेच. वाट."

त्यानं उजवीकडून वाटले. तिचे पत्तेही त्यानंच धरले. आणि म्हणाला, "उतारी कृष्णाची."

तसा हातातल्या पत्त्यावर निळा रंग उमटला. मग बासरी, मग मोरपीस. मग तिच्या वाट्याचे पत्ते संपले, तेव्हा त्यानं न मागता आपला एक पत्ता तिला दिला. तो राम होता. त्यामागून सगळे आले, मासा, कासव, सगळे लखलखीत. राजा एकेक पत्ता तिच्या बोटांखाली धरून सांगत होता, हा लाल, हा हिरवा. अंबू मान डोलवत होती. तिला एकही दिसत नव्हता. चार वर्षं आधी आलो असतो तर, एवढंच राजाच्या मनात येत राहिलं. ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

त्यानंतर दर हिवाळ्यात राजा घाट चढायचा. तिच्या रीतीनं खेळायचा आणि खूपदा हरायचा. कधीकधी तिला हसू फुटायचं, मग त्यालाही. दोघं म्हातारी झाली, सुखानं राहिली.

झालं. आता पांघरूण ओढा, एकमेकांचे पाय ओढू नका, आणि निजा.