न थांबू दिलेले चाक

वीज अजून गावोगावी पोचली नव्हती, त्या काळातली ही गोष्ट. एका डोंगराळ मुलखात यंत्रविद्या शिकवणारे एक वृद्ध आचार्य राहत असत. घाणा, रहाट, पाणचक्की, तराजू, जे जे फिरते आणि उचलते त्याचे शास्त्र ते उलगडून सांगत. त्यांच्याजवळ शिकून गेलेल्यांत विश्वंभर नावाचा एक शिष्य होता. हात कुशल, बुद्धी तल्लख. पण त्याला एका गोष्टीचा ध्यास लागला होता. बैल नाही, पाणी नाही, वारा नाही, आणि तरीही अखंड फिरत राहील असे चाक त्याला घडवायचे होते.

घरामागच्या पडवीत त्याने एकामागून एक चाके बांधली. एकात लोखंडी गोळे घरंगळत. एकाला बिजागरीवर उलटणारे दांडे होते. ती थोडी फिरत आणि कुरकुरत थांबत. शेवटी त्याने मोठे जड चाक केले, त्याचे आरे आतून पोकळ ठेवले आणि त्यांत अर्धा अर्धा पारा भरला. पारा एका बाजूला सतत जड राहील आणि चाकाला ओढत राहील, असा त्याचा हिशेब होता.

हे चाक त्याने ढकलून दिले आणि ते फिरू लागले. तो आत जाऊन जेवून आला, तरी ते फिरतच होते. त्याला इतका आनंद झाला की डोळे भरून आले. मग तो समोर बसून पाहू लागला आणि थोड्या वेळाने पुढे वाकला. चाक किंचित मंदावले होते का? की तो नुसता भास? तो झटकन उठला आणि त्याने चाक हाताने थांबवले.

‘‘आसाला तेल कमी पडलं असेल,’’ तो स्वतःशीच म्हणाला. त्याने तेल घातले आणि चाक पुन्हा ढकलले.

पुढे तसेच होऊ लागले. लोक बघायला येत, तोंडात बोटे घालत. चाक जरा संथ होणार असे वाटले की विश्वंभरच पुढे होऊन ते थांबवी. कधी तेलाचे निमित्त, कधी आरा तपासण्याचे. महिने लोटले, ते चाक आपण होऊन थांबलेले कुणीच पाहिले नाही. विश्वंभरनेही नाही. कुणी विचारले तर तो देवाची शपथ घेऊन सांगू शकत असे की हे चाक आपण होऊन थांबलेले मी पाहिलेले नाही, आणि त्यात एकही शब्द खोटा नव्हता.

ही कीर्ती एका व्यापाऱ्याच्या कानावर गेली. तो घाटमाथ्यावर वाटसरूंसाठी विहीर खोदत होता. विहीर फार खोल गेली होती आणि तळाशी वाईट हवा साचत होती. खाली सोडलेला दिवा विझून जाई. म्हणून काठावर एक पंख्याची पेटी बसवली होती. दोन गडी तिचा दांडा दिवसभर फिरवत, आणि कातडी नळीतून ताजी हवा तळाशी जाई. तिच्या भरवशावर भागूजी नावाचा विहीर खोदणारा आणि त्याचा धाकटा भाऊ खाली काम करत.

‘‘तुमचं चाक या पंख्याला जोडू,’’ व्यापारी म्हणाला. ‘‘गडी थकतात, त्यांच्याकडून हयगय होते. चाक थकायचं नाही. काय?’’

 विश्वंभरला काहीतरी बोलायचे होते. पण व्यापाऱ्याच्या चेहऱ्यावरचा आदर त्याने पाहिला आणि तो म्हणाला, ‘‘हो. जोडू.’’

चाक गाडीतून घाटमाथ्यावर गेले आणि पंख्याला जोडले गेले. काही दिवसांनी खोदकाम त्याच्यावर चालायचे ठरले. आदल्या दिवशी आशीर्वादासाठी यायला व्यापाऱ्याने आचार्यांना बोलावले. त्या दिवसांत विश्वंभरला अन्न गोड लागेना. डोळे मिटले की त्याला खोल अंधारात बसलेली दोन माणसे दिसत, आणि दचकून तो मनाशी म्हणे, तेल चांगले घातले आहे, भरपूर घातले आहे.

आचार्य आले. त्यांनी चाकाभोवती एक फेरी मारली. आसाजवळ तेलाचे थरावर थर साचले होते, तिथे त्यांनी बोट टेकवले आणि ते बराच वेळ तसेच उभे राहिले. मग त्यांनी विचारले, ‘‘विश्वंभर, हे थांबतं का रे?’’

‘‘थांबलेलं मी पाहिलं नाही, गुरुजी.’’

‘‘बरं,’’ आचार्य म्हणाले. मग ते भागूजीकडे वळले. ‘‘तुझा तो दोराचा पाळणा इकडे आण. आणि एक दिवा दे. मी खाली जातो.’’

सगळे चमकले. भागूजीने हात जोडले. ‘‘बाबा, नको. खाली जीव गुदमरतो. या वयात तुम्हाला सोसायचं नाही.’’

‘‘पंखा चालू आहे ना?’’

‘‘चालू आहे, पण...’’

‘‘मग झालं तर. दांडा फिरवणाऱ्यांना झाडाखाली बसू दे. मी दोर हलवला की मला वर ओढा. आणि विश्वंभर, चाकाला हात लावू नकोस.’’

विश्वंभरने चाक ढकलून दिले. पंखा घुमू लागला, नळी फुगली. आचार्यांचा पाळणा हळूहळू खाली गेला आणि अंधारात दिसेनासा झाला. उरला फक्त दिव्याचा एक पिवळा ठिपका. व्यापारी, भागूजी आणि त्याचा भाऊ काठावर ओणवे होऊन पाहू लागले. विश्वंभर मात्र चाकाकडे पाहत होता.

पडवीत ते मोकळे फिरत असे. इथे त्याला पंखा ओढायचा होता. फार वेळ गेला नाही, तोच त्याच्या कानांनी ओळखले. पंख्याचा आवाज उतरला होता.

‘‘दिवा बारीक झाला का रे?’’ भागूजी भावाला म्हणाला.

 तेलाचे निमित्त विश्वंभरच्या तोंडावर आले होते. पण तेल घालायचे तर चाक थांबवावे लागणार, आणि खाली गुरुजी होते. सगळ्यांची पाठ त्याच्याकडे होती. त्याने हात पुढे केला आणि चाकाला जोराने रेटा दिला.

पंखा पुन्हा घुमला. ‘‘सुधारला, सुधारला,’’ भागूजी म्हणाला. कुणीच काही पाहिले नव्हते.

विश्वंभरने श्वास सोडला. आणि तेवढ्यात त्याला भय वाटले. आपण आत्ता काय केले? थोड्या वेळाने पुन्हा रेटा द्यावा लागेल. मग पुन्हा. आणि उद्या इथे आपण नसू. गडीही नसतील. समोर वाकून बसलेले हे दोघे भाऊ खाली असतील, आणि वर कुणाचाही हात नसलेले हे चाक असेल.

चाक पुन्हा मंदावू लागले. आता तो भास नव्हता. प्रत्येक आरा वेगळा मोजता येत होता. विहिरीतला ठिपका तांबूस झाला. दोर मात्र हलत नव्हता. गुरुजी दोर का हलवत नाहीत? शुद्ध गेली की काय?

‘‘ओढा!’’ विश्वंभर किंचाळला. ‘‘ओढा त्यांना वर! हे चाक थांबतं! हे नेहमीच थांबत होतं!’’

तो धावत जाऊन दोराला भिडला. चौघांनी मिळून ओढले. झाडाखालचे गडी पळत आले आणि दांड्याला लागले. आचार्य वर आले तेव्हा त्यांची मान एका खांद्यावर कलली होती, ओठ काळेनिळे पडले होते. भागूजीने त्यांना आडवे केले, छाती चोळली, तोंडावर पाणी मारले. कितीतरी वेळ काहीच होईना. विश्वंभर त्यांचे पाय धरून बसला होता.  मग म्हाताऱ्याला एक मोठी उबळ आली, आणि श्वास सुरू झाला.

भागूजी उठला. काठापासून दूर जाऊन तो भावाजवळ खाली बसला. ‘‘उद्या आपण उतरणार होतो,’’ एवढेच तो म्हणाला. त्याने भावाचा हात घट्ट धरून ठेवला. व्यापाऱ्याने मान खाली घातली.

संध्याकाळी बैलगाडीतून परतताना आचार्य पेंढ्यावर टेकून पडले होते. विश्वंभर त्यांच्या उशाशी होता.

‘‘गुरुजी, तुम्हाला आधीच कळलं होतं. मग मला तिथंच का नाही सांगितलंत? जीव का धोक्यात घातलात?’’

आचार्य थांबत थांबत बोलले. ‘‘सांगितलं असतं तर तू तेल घातलं असतंस. तुझ्या मनात एक भीती होती, आपण चुकलो हे दिसण्याची. तिनं तुझे डोळे बांधले होते. चाक थांबायच्या आत तूच ते थांबवत होतास. माझ्या शब्दांनी ती गाठ सुटली नसती. तिच्याहून मोठी भीती समोर यावी लागते, तेव्हाच माणूस पाहतो.’’

‘‘आणि मी ओरडलोच नसतो तर?’’

‘‘खाली एकदा ज्योत बसली आणि अचानक पुन्हा उभी राहिली. तेव्हा मला कळलं, तू हात लावलास. दोर माझ्या हातातच होता. पण मी तेव्हा वर आलो असतो, तर उद्या तू त्या दोघांना खाली सोडलं असतंस. म्हणून वाट पाहिली.’’ ते जरा थांबले. ‘‘पुढं पुढं दोर हलवायचं बळ उरलं नाही. फार घाबरलो होतो मी, विश्वंभर.’’

 गाडी उतरणीला लागली होती आणि गाडीवान बैलांना चुचकारत होता. आचार्यांचा डोळा लागला. त्यांच्या छातीत घरघर होत होती, आणि मध्येच ती क्षणभर थांबे. प्रत्येक वेळी विश्वंभरचे काळीज लक्कन हले. तो वाकून कान लावी, श्वास पुन्हा ऐकू येईपर्यंत तसाच राही.

एकदा आचार्यांनी डोळे उघडले आणि त्याला तसे वाकलेले पाहिले.

‘‘अजून भीती वाटते?’’

‘‘वाटते,’’ विश्वंभर म्हणाला. ‘‘आता ती जाईल असं वाटत नाही.’’

‘‘राहू दे,’’ आचार्य म्हणाले. ‘‘हिला घालवायच्या मागं लागू नकोस.’’

आणि विश्वंभर पुन्हा त्यांचा श्वास ऐकू लागला.