ताटाचा डोह

पिंपळदऱ्याच्या खाली नदी वळते, तिथे ताटाचा डोह आहे. बघायला येणारे आधी ताटासारखा खडक शोधतात. तसा खडक तिथे नाही, उगाच पाय घसरून घ्याल. डोहात आहेत ते खडस मासे, हातभर लांबीचे आणि इतके धीट की पाण्यात पाय सोडला तर घोट्याला येऊन हुंगतात. ते पाहून पाहुण्यांपैकी कुणीतरी हमखास विचारतो, ‘खायला कसे लागतात हो?’ त्याच्यासाठीच ही हकिकत सांगावी लागते.

वाडी ठाकरांची. डोहाची राखण धाऊबाच्या घराकडे, आणि घरात ती सगळी त्याच्या सुनेवर, सोनकीवर. मासे धरायला वाडीची मनाई नव्हती. हिवाळ्यात वाहत्या उथळ पाण्यात मूठभर गेळफळं ठेचून सोडायची. माशांना भोवळ येते, लागतील तेवढे उचलायचे. पाणी वाहून गेलं की बाकीचे शुद्धीवर येतात. पण डोहात गेळ घालायची नाही, आणि ज्येष्ठात तर मुळीच नाही. तेव्हा नदी आटून सगळी मासळी डोहात गोळा झालेली असते, पोटात गाभोळी, म्हणजे अंडी, घेऊन. सोनकी म्हणायची, डोह म्हणजे कणगीतलं बियाणं. बियाणं दळून कुणी भाकरी करतं का?

अशाच एका ज्येष्ठात गडावरचा किल्लेदार वीस माणसं घेऊन वाडीत उतरला, म्हणे. त्याला गाभोळीच हवी होती. धाऊबा भला माणूस, पण पाहुण्याला ‘नाही’ म्हणायचं कसं हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

“मामा, डव्हात गेळ नगं,” सोनकी म्हणाली.

“पाव्हना देवावानी असतो, पोरी.”

किल्लेदाराच्या माणसांनी मूठभर नाही, गोणभर गेळ ठेचून डोहात ओतली. साचलेलं पाणी ते, जाणार कुठे? घटकाभरात डोह पांढऱ्या पोटांनी भरला. पोट फाडायचं, गाभोळी काढायची आणि मासा खडकावर भिरकावायचा, असा उद्योग दोन दिवस चालला. खाऊन खाऊन अजीर्ण झालं तरी हात थांबेनात. ढेकर देत, तेलकट बोटं सोनकीच्या दाराच्या चौकटीला पुसत ही मंडळी उठली. किल्लेदाराने तर अर्धं ताट तसंच टाकलं. माणूस कसला, हावरटपणाला फुटलेलं पोट नुसतं!

मंडळी गेली आणि मागे घाण उरली. मासे फुगले, फुटले, अळ्यांनी वळवळू लागले. पहिले दोन दिवस कावळे तुटून पडले, तिसऱ्या दिवशी तेही लांब जाऊन बसले. गुरं पाण्याला तोंड लावेनात. तो वास भाकरीला यायचा, केसांना यायचा, झोपलेल्या लेकराच्या श्वासालाही यायचा. सोनकीने वाडीतल्या बाया जमवल्या आणि नाकाला पदर बांधून पाटीपाटीने तो चिखल उपसून पुरला. हात आठवडाभर राखेने घासले, तरी वास जाईना.

डोहात मासळी पुन्हा गाभोळी धरेपर्यंत मासा तोंडात घालणार नाही, असा नवस सोनकी बोलली, असं सांगतात. नवसाची गरज नव्हती. माशाचं नाव काढलं तरी तिला उमळून येई.

बियाणं मिळण्यासारखं होतं ते तिच्या माहेरी, डोंगरापलीकडच्या खुटेदऱ्यात. तिथल्या डोहातली बोटबोट पिल्लं मडक्यात घेऊन ती निघाली. जपून न्यावं म्हणून मडक्याचं तोंड फडक्याने गच्च बांधलं. घरी पोचेस्तोवर सगळी मेली. दुसऱ्या खेपेला तोंड उघडं ठेवलं, पण खिंडीत मडकं उतरवून जरा टेकली. तेवढ्यात तीही उताणी झाली. तिसऱ्यांदा पिल्लं मागताना तिला माहेरच्यांकडे मान वर करवेना. तेव्हा आई म्हणाली, “पाणी थिजलं का जीव गेला. लेकराला डुलवत्यात तसं डुलवत ने, बये. उतरू नगं.”

सोनकी पहाटे निघाली ती डोईवरचं मडकं डुलवत, वाटेतल्या प्रत्येक ओहोळावर उभ्याउभ्या पाणी बदलत, दिवसभर चालली. अकरा पिल्लं जिवंत डोहात सुटली. मग वाडीने तीन वर्षं नदीत गेळ घातली नाही. चौथ्या ज्येष्ठात माद्यांची पोटं जड दिसली. सोनकी काठावर बसून ढसाढसा रडली, म्हणे.

ही बातमी गडावर गेली. जिभेला हाड नसतं आणि हावेला लाज नसते. किल्लेदार गोण घेऊन पुन्हा हजर. धाऊबाची मान पुन्हा खाली गेली.

सोनकी मात्र हसतमुखाने पुढे झाली. ओटी सारवली, पाट मांडला, ताट ठेवलं. “पाव्हनं, आधी जेवाय बसा,” म्हणाली.

किल्लेदार बसला. सोनकीने आतून एक मडकं आणलं, शेणामातीने तोंड लिंपलेलं. चार वर्षांपूर्वी तो चिखल पुरताना तिने एवढं मडकंभर ठेवून दिलं होतं. त्याचं तोंड तिने फोडलं आणि ताटात उपडं केलं. काळा, बुळबुळीत, काट्यांनी भरलेला रगडा ताटाबाहेर ओघळून त्याच्या मांडीवर आला. वास असा सुटला की किल्लेदाराचा कुत्रा केकाटत उतार उतरून गेला.

“मागल्या खेपंला ताट टाकून गेलात,” सोनकी म्हणाली. “आमच्यात आधीचं ताट संपल्याबिगर दुसरं वाढत न्हाईत. जेवा.”

किल्लेदाराने तलवारीला हात घातला, म्हणे, पण तोच हात त्याला तोंडाशी न्यावा लागला. आपल्याच जरीच्या अंगरख्यावर ओकत तो उठला. त्याची माणसं त्याच्याआधीच पळाली होती. धाऊबाने तेव्हा मान वर केली आणि आयुष्यात पहिल्यांदा पाहुण्याला म्हणाला, “न्हाई.”

आजही पिंपळदऱ्यात पाहुण्याला नाचणीची भाकरी मिळते, वरईचा भात मिळतो, हौसेने कोंबडीही कापतात. मासा मिळत नाही. जावई आला तरी नाही. आणि डोहाकडे बघून कुणी जिभल्या चाटल्याच, तर वाडीतली एखादी म्हातारी जवळ येऊन शांतपणे विचारते, “पाव्हनं, मागलं ताट संपवलंत का?”