दोन काठांचं पाणी

“…आणि भंते, पलीकडच्या देशातून हा धबधबा जास्त चांगला दिसतो म्हणतात. खरं का?”

प्रवासी बाईंनी प्रश्न वृद्ध भिक्खू तिन्ह यांना विचारला होता. उत्तर दिलं त्यांच्या शिष्याने, तुआनने.

“पलीकडे पाहण्यासारखं काही नाही. सकाळी लवकर जा, गर्दी नसते. बांबूचा तराफा करा. नदीच्या मध्यापर्यंत नेतात. समोरच्या काठाला मात्र पाय लावायचा नाही. तिथे चीन सुरू होतो.”

बाई टेकडी उतरून गेल्या. खाली, दोन देशांच्या मधोमध, बान झोकचा धबधबा कोसळत होता.

“तू धबधब्याकडे कधी गेला आहेस का?” भंतेंनी विचारलं.

“विहारात आल्यापासून नाही.”

“का?”



“पलीकडे माझा थोरला भाऊ तराफा चालवतो. लग्न करून तिकडचाच झाला. आई गेली, तेव्हाही आला नाही. पण मी वैर धरलं नाही, भंते. त्याला मनातून पार काढून टाकलंय. एवढं मला साधलं.”

भंतेंनी कोपऱ्यातलं लहान मडकं त्याच्या हातात दिलं.

“मग धबधब्याचं पाणी आण. आपल्या देशाचंच. त्यांचा एक थेंबही नको.”

तुआन तराफ्यावर बसून नदीच्या मध्यावर गेला. वरून येणारं सगळं पाणी एकाच डोहात पडत होतं. त्याने मडकं बुडवलं आणि ओतून दिलं. पुन्हा बुडवलं, पुन्हा ओतलं. तुषारांनी त्याचं चीवर चिंब झालं.

“काय शोधतोस रे?”

समोरच्या तराफ्यावरून कुणीतरी गावच्या बोलीत विचारलं. भाऊच होता, हुंग. केस पिकले होते.

तुआनने मान फिरवली.

“आई गेली त्या दिवशी नदीला पूर होता,” हुंग म्हणाला. “तराफे बंद होते. आईला डोंगरावर नेलंत, ते मी माझ्या काठावरून पाहिलं. तुम्ही दिसेनासे झालात, तरी उभाच होतो.”

तुआनने वळून पाहिलं. दोन्ही तराफे एकमेकांना भिडले होते.

हुंगने हात लांबवून मडकं घेतलं, आपल्या बाजूला बुडवलं आणि भरून पुढे केलं. तुआनने ते दोन्ही हातांनी धरलं. प्रवाहाने तराफे वेगळे करेपर्यंत दोघांपैकी कुणीच मडकं सोडलं नाही.

दुपारी तो विहारात परतला. डोळे लाल झाले होते.

“भंते, मी चुकलो. हे पाणी त्यांच्या काठचं आहे. दादाने भरून दिलं. ओतून टाकू?”

भंतेंनी ओंजळ पुढे केली आणि ते सावकाश पाणी प्यायले. मग ओठ पुसले…

“उद्या मोठं मडकं ने.”